रामबाण गोळ्या आणि सरकारी शिक्का: व्हिक्टोरियन काळातल्या ‘पेटंट’ औषधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत (१८३७ ते १९०१) ब्रिटनमध्ये एकाच डबीतून पित्त, संधिवात, क्षय, कॅन्सर आणि ‘उदास मन’ बरं करणाऱ्या गोळ्या वाण्याच्या दुकानातसुद्धा मिळत. या औषधांबद्दल बोलताना ‘लोक किती भोळे होते’ असं म्हणून हसायची पद्धत आहे. खालची उत्तरं वाचल्यावर ते हसू लोकांऐवजी सरकार आणि वर्तमानपत्रांकडे वळेल, अशी माझी अपेक्षा आहे.

या औषधांवर खरंच पेटंट असायचं का?

बहुतेकांवर नव्हतं. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि कृती उघड झाली की धंदाच बसला. काळा बोळ, सुंठ आणि साबण एवढ्यावर चाललेला कारखाना ही यादी सरकारदरबारी कशाला लिहून देईल? सतराव्या-अठराव्या शतकात काही औषधांना राजाकडून खरीखुरी सनद मिळाली होती. अँडरसनच्या स्कॉट्स पिल्सना १६८७ मध्ये, स्टॉटनच्या अर्काला १७१२ मध्ये. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. विक्रेते संरक्षण घेत ते नावाचं, वेष्टनाचं आणि बाटलीच्या आकाराचं. आतल्या द्रव्याला संरक्षण लागतच नव्हतं, कारण ते गुपित होतं.

मग डबीवर सरकारी शिक्का कसा?

सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. १७८३ मध्ये ब्रिटिश सरकारने तयार औषधांवर कर बसवला आणि १८१२ च्या कायद्याने तो पक्का केला. कर भरल्याची खूण म्हणून प्रत्येक डबीवर छापील पट्टी चिकटवायची, ती फाडल्याशिवाय डबी उघडायची नाही. एक शिलिंगपर्यंतच्या औषधावर दीड पेनी कर (बारा पेन्सचा एक शिलिंग). म्हणून जुन्या जाहिरातींत ‘१ शिलिंग १½ पेनी’ अशी विचित्र किंमत सतत दिसते. त्यावरच्या आकारांची किंमत २ शिलिंग ९ पेन्स आणि ४ शिलिंग ६ पेन्स, तीही याच हिशेबाने.

आता गिऱ्हाइकाच्या नजरेने बघा. ‘गव्हर्न्मेंट स्टॅम्प’ अशी अक्षरं असलेली देखणी पट्टी डबीवर आहे. सरकारने औषध तपासलं असणार, असंच कुणालाही वाटेल. विक्रेते तर जाहिरातीत बजावून सांगत, ‘सरकारी शिक्का नसलेला माल बनावट समजावा.’ प्रत्यक्षात सरकारने डबीतली एक गोळीही फोडून पाहिलेली नसे. १९०८ साली अशा शिक्क्यांच्या नगांचा आकडा ४ कोटींच्या पुढे होता. प्रत्येक नगामागे तिजोरीत पैसे पडत होते, मग तपासायची घाई कुणाला?

त्यात नेमकं काय असायचं?

बहुतेक गोळ्यांत जुलाब. बीचमच्या गोळ्या म्हणजे काळा बोळ, सुंठ आणि साबण. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात अशा औषधांची रासायनिक तपासणी छापली, तेव्हा ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत निघाली अर्धा फार्दिंग. विक्रीची किंमत होती साडेतेरा पेन्स. चार फार्दिंगचा एक पेनी, म्हणजे मालाच्या शंभरपटीहून जास्त. जाहिरातीतलं ब्रीद होतं, ‘डबीमागे एक गिनी मोलाच्या’. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि बड्या डॉक्टरची फीही तेवढीच. टोमणा कुणाला होता ते उघड आहे.

खोकल्याच्या, कळांच्या आणि ‘नसा शांत करणाऱ्या’ बाटल्यांत अफू किंवा मॉर्फिन असे. ‘टॉनिक’ नावाच्या बाटल्यांत दारू: अमेरिकेतल्या लिडिया पिंकहॅमच्या बायकांसाठीच्या काढ्यात ती जवळजवळ पाचवा हिस्सा होती, आणि हा काढा दारूबंदीच्या पुरस्कर्त्या घरांतूनही निर्धास्तपणे प्यायला जाई. दात येणाऱ्या बाळांच्या पुड्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार. लहान मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटायचे, त्या आजाराचं मूळ हा पारा होता हे विसाव्या शतकाच्या मध्यावर उमगलं.

या गोळ्यांनी माणसं मेली का?

मेली. जेम्स मॉरिसन नावाचा व्यापारी १८२५ पासून ‘युनिव्हर्सल व्हेजिटेबल पिल्स’ विकत होता. सगळे रोग अशुद्ध रक्तातून येतात आणि एकच वनस्पतीजन्य जुलाब त्या सगळ्यांवर पुरतो, असं त्याचं म्हणणं. लंडनला किंग्ज क्रॉसजवळच्या आपल्या दुकानाला त्याने ‘ब्रिटिश कॉलेज ऑफ हेल्थ’ असं भारदस्त नाव दिलं होतं. गोळ्यांत काळा बोळ, कडू वृंदावन आणि गँबोज असे. गँबोज म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातल्या झाडाचा पिवळा चीक, पण त्याचा जुलाब भयंकर. त्यात मॉरिसनचा सल्ला असा की गुण आला नाही तर गोळ्या वाढवा.

१८३६ मध्ये कॅप्टन जॉन मॅकेंझी या गुडघेदुखीच्या रोग्याचा या गोळ्यांनी मृत्यू झाला. विक्रेता रॉबर्ट सॅमन सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला आणि शिक्षा काय, तर २०० पौंड दंड. मॉरिसन स्वतः तोवर पॅरिसला राहायला गेला होता. गोळ्यांची विक्री पुढेही चालूच राहिली. ‘वनस्पतीजन्य आहे, म्हणजे अपाय नाही’ हा युक्तिवाद तेव्हाही जोरात चालत होता. आजही चालतो.

बाळांना खरंच अफू देत असत?

हो, आणि राजरोस. ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ म्हणजे अफू, काकवी आणि सॅसाफ्रास या सुगंधी झाडाचा अर्क. अमेरिकेतून आलेलं ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ १८४९ पासून बाजारात होतं, त्याच्या एका औंसात सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन असे. वेष्टनावर मांडीवर बाळ घेतलेली शांत आई. बाळ झोपायचं यात शंका नाही. काही उठायचीच नाहीत. पण त्याहून जास्त बाळं हळूहळू गेली: गुंगीतल्या बाळाला भूक लागत नाही, ते अंगावर पीत नाही, वाळत जातं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘अशक्तपणा’ लिहिलं जातं.

आयांना दोष देण्याआधी त्यांचा दिवस पाहावा. कापड गिरणीत पहाटेपासून पाळी, बाळ शेजारच्या म्हातारीकडे, तिच्याकडे अशी आणखी चार-पाच. ती सांभाळणार कशी? मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको. मुंबईच्या गिरणगावातही कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कामगारविषयक अहवालांत त्याची नोंद आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ब्रिटिश बाळांच्या बाटलीतली अफू हिंदुस्थानातली असणार, असं आपल्याला सहज वाटतं. ती बहुतांशी तुर्कस्तानातून येई. हिंदुस्थानातली अफू मुख्यतः चीनला जाई.

क्लोरोडाइनचा हिंदुस्थानाशी काय संबंध?

जन्मापासूनचा. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हे हिंदुस्थानात नेमणूक असलेले ब्रिटिश लष्करी डॉक्टर. १८४८ च्या सुमारास त्यांनी पटकीवर म्हणून हे मिश्रण बनवलं: अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. पटकीचा जंतू त्याने मरत नाही. पण अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, जुलाब थांबतात, वेदना कमी होते. म्हणजे हगवणीवर याचा खरा उपयोग होता, आणि त्यामुळेच हे औषध जास्त धोक्याचं ठरलं. ज्याला एकदा गुण येतो तो दुसऱ्यांदा बाटली उघडतो. खोकला, दमा, निद्रानाश, डोकेदुखी अशी यादी जाहिरातीत वाढत गेली आणि व्यसनी माणसांची संख्याही.

१८५६ पासून लंडनच्या डॅव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याने ते बाजारात आणलं. लगेच नकला निघाल्या, कज्जे झाले. पुढचा कायद्याचा घोळ मात्र मासलेवाईक आहे. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूसारखी विषं फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टने, ‘विष’ अशी चिठ्ठी लावून विकायची असं ठरलं, पण ‘पेटंट औषधांना’ सूट दिली. पंचवीस वर्षं सगळ्यांनी या सुटीचा फायदा घेतला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने विचारलं: यावर खरंच पेटंट आहे का? नाही? मग सूट नाही. तेव्हा कुठे क्लोरोडाइनच्या बाटलीवर ‘विष’ हा शब्द आला.

सगळ्यात श्रीमंत कोण झालं?

थॉमस होलोवे. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये तो छोटा व्यापारी होता. तुरिनहून आलेल्या, जळवा विकणाऱ्या फेलिक्स अल्बिनोलो नावाच्या इटालियनाकडे एक मलम होतं. होलोवेने त्याला ओळखी मिळवून दिल्या, आणि मग १८३७ मध्ये तसंच स्वतःचं मलम बाजारात आणलं. दोघांनी वर्तमानपत्रांतून एकमेकांवर चिखलफेक केली. जाहिरातींच्या खर्चाने दोघेही बुडाले, दोघांनीही कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगाची हवा खाल्ली. होलोवे बाहेर आला आणि पुन्हा जाहिराती देऊ लागला. इटालियन मात्र बुडाला तो बुडालाच.

१८४२ मध्ये होलोवे जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड खर्च करत होता, १८८३ मध्ये मेला तेव्हा ५०,००० पौंड. त्याची पत्रकं हिंदुस्थानी आणि चिनी भाषांपर्यंत पोचली होती. मूलबाळ नव्हतं. पैशाचं त्याने दोन संस्थांत रूपांतर केलं: व्हर्जिनिया वॉटरचं मनोरुग्णालय (१८८५) आणि बायकोच्या स्मृतीसाठी एगमला बांधलेलं मुलींचं कॉलेज. कॉलेजचं उद्घाटन १८८६ मध्ये खुद्द राणीने केलं. फ्रान्समधल्या शाँबोरच्या राजवाड्याच्या धर्तीवर बांधलेली ती लाल विटांची इमारत आजही लंडन विद्यापीठाचा भाग आहे. जुलाबाच्या गोळ्यांतून स्त्रीशिक्षण उभं राहिलं. याला पापक्षालन म्हणायचं की दानत, मला ठरवता आलेलं नाही.

थॉमस बीचमची वाटही अशीच: लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा, मग बाजारात फिरून गोळ्या विकणारा, मग सेंट हेलेन्सचा कारखानदार. त्याचा नातू पुढे जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्रा संचालक झाला.

पण लोक हे घेत का होते? अक्कल नव्हती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शेतमजुराला आठवड्याला दहा-बारा शिलिंग मिळत. गिनी घेणारा डॉक्टर त्याच्या आवाक्यातच नव्हता. बरं, पैसे मोडून डॉक्टरकडे गेलात, तर तो काय करणार? रक्त काढणार, जळवा लावणार, कॅलोमेल देणार, म्हणजे पारा आणि जुलाब! पटकीच्या साथी १८३१ पासून १८६६ पर्यंत पुन्हा पुन्हा आल्या आणि डॉक्टरांकडे उपाय नव्हता. क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध १९४० च्या दशकात आलं. कोण पदवीधर आणि कोण भोंदू हे सामान्य माणसाला कळावं अशी डॉक्टरांची सरकारी नोंदवहीसुद्धा १८५८ च्या कायद्याने सुरू झाली.

अशा वेळी शिलिंगभर पैशात, घरबसल्या, कुणालाही अंग न दाखवता मिळणारी गोळी हा अगदी व्यवहारी निर्णय होता. गुप्तरोगांच्या आणि बायकांच्या दुखण्यांच्या बाबतीत तर लाज हाच मोठा गिऱ्हाईक-दलाल होता. शिवाय जुलाब ‘लागू’ पडल्याचा पुरावा तासाभरात मिळतो. निम्मी दुखणी आपोआप बरी होतात, आणि श्रेय शेवटच्या गोळीला जातं.

वर्तमानपत्रं गप्प का राहिली?

जाहिरातींच्या पैशावर जगत होती म्हणून. ब्रिटनमध्ये १८५३ पर्यंत प्रत्येक जाहिरातीवर दीड शिलिंग कर होता. तो गेला, १८५५ मध्ये वर्तमानपत्रावरचा शिक्का-कर गेला, १८६१ मध्ये कागदावरचा. स्वस्त वृत्तपत्रांचा पूर आला आणि त्यांची पानं गोळ्यांनी भरली. ‘सीक्रेट रेमेडीज’ प्रसिद्ध झालं तेव्हा कित्येक वृत्तपत्रांनी त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातही छापायला नकार दिला. अमेरिकेत तर औषध कंपन्या करारातच कलम घालत: तुमच्या राज्यात आमच्याविरुद्ध कायदा झाला तर जाहिरात रद्द. संपादक मग स्वतःच आमदाराच्या कानाशी लागत.

लिडिया पिंकहॅम १८८३ मध्ये वारल्या. त्यानंतरही ‘मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, त्या स्वतः सल्ला देतील’ अशा जाहिराती चालूच होत्या. १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला.

कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला काय होता?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, झोपेतून उठून सांगेल. रबराचा चेंडू, त्यात कार्बोलिक अ‍ॅसिडची पूड, नळी नाकात धरायची आणि चेंडू दाबायचा. १८८९ पासून युरोपात इन्फ्लुएन्झाची साथ होती. कंपनीने १३ नोव्हेंबर १८९१ रोजी ‘पॉल मॉल गॅझेट’मध्ये जाहीर केलं: दिवसातून तीनदा, दोन आठवडे सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ. आणि आमचा विचार पक्का आहे हे दाखवायला १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत.

लुइझा कार्लिल यांनी चेंडू घेतला, जानेवारीपर्यंत इमानेइतबारे नाकात पूड मारली, आणि १७ जानेवारी १८९२ रोजी तापाने आडव्या पडल्या. त्यांचे यजमान वकील होते, हे कंपनीचं दुर्दैव. पत्रांवर पत्रं गेल्यावर कंपनीचं उत्तर आलं की बाईंनी रोज आमच्या कचेरीत येऊन आमच्यासमोर चेंडू वापरून दाखवावा. कोर्टात कंपनी म्हणाली, जाहिरात म्हणजे नुसती बढाई, करार नव्हे. डिसेंबर १८९२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला: बँकेत पैसे ठेवल्याचं सांगता, मग बढाई कशी? अट पूर्ण केली, तीच स्वीकृती. १०० पौंड द्या. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ८ शिकवताना हाच खटला आजही सांगितला जातो. कंपनीने हार मानली असं समजू नका: पुढच्या जाहिरातीत बक्षीस २०० पौंडांवर गेलं, फक्त अटी वाढल्या होत्या. कार्लिलबाई १९४२ पर्यंत, नव्वदी ओलांडून जगल्या.

विजेचे पट्टे आणि सापाचं तेल?

दोन्ही त्याच जत्रेतले. हार्नेसचा ‘इलेक्ट्रोपॅथिक’ कंबरपट्टा लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर खपत होता, तो १८९०-९५ च्या दरम्यान वृत्तपत्राने उघडा पाडला. म्हणजे सगळीच वृत्तपत्रं गप्प नव्हती. सापाचं तेल अमेरिकेतलं. क्लार्क स्टॅन्लीच्या तेलाची सरकारने तपासणी केली तेव्हा त्यात खनिज तेल, थोडी जनावराची चरबी, मिरचीचा अर्क आणि कापराचा अंश निघाला. साप नव्हता. दंड २० डॉलर.

एकही औषध कामाचं नव्हतं?

होती ना. ‘डॉ. विल्यम्स पिंक पिल्स फॉर पेल पीपल’ या गोळ्यांचे हक्क कॅनडातल्या जॉर्ज फुलफर्डने १८९० मध्ये ५३ डॉलर १ सेंटला घेतले आणि जगभर विकले. त्यांत हिराकस होता, म्हणजे लोह. पंडुरोगी मुलींना त्याने गुण येणारच. घोटाळा असा की त्याच गोळ्या अर्धांगवायूवरही विकल्या जात. क्लार्कच्या ‘ब्लड मिक्श्चर’मध्ये पोटॅशियम आयोडाइड होतं, जे त्या काळचे डॉक्टर उपदंशावर देतच होते. बद्धकोष्ठावर बीचमच्या गोळ्या लागू पडत, हे तर सांगायलाच नको.

हे संपलं कसं?

हळूहळू, आणि रडतखडत. अमेरिकेत १९०५ मध्ये ‘कोलियर्स’ साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्सने लेखमाला लिहिली, १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. अफू, मॉर्फिन, दारू आहे का ते वेष्टनावर छापा, एवढीच मुख्य अट होती, पण ती पुरली: आयांनी ‘मॉर्फिन’ वाचलं आणि बाटली खाली ठेवली. ब्रिटनमध्ये संसदेच्या समितीने १९१२ पासून दोन वर्षं साक्षी घेतल्या. अहवाल प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं. अहवाल कोण वाचणार? घटकद्रव्यं छापायची सक्ती १९४१ मध्ये झाली, आणि शिक्क्याचा करही त्याच वर्षी गेला.

भारतात चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, कॅन्सर अशा रोगांवर रामबाण इलाजाची जाहिरात करणं त्याने गुन्हा ठरतं. तो किती पाळला जातो, हे लोकल गाडीच्या डब्यातली पत्रकं वाचून ठरवा.

यांतलं काही आज आपल्या घरात आहे का?

ढोकळ्यात आहे. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली ईनोने काढलेलं ‘फ्रूट सॉल्ट’ त्या काळी नाना तापांपासून बचाव करणारं म्हणून विकलं जाई. आता ते पित्तावर आणि पीठ फुगवायला. १९३८ मध्ये बीचम कंपनीने ते विकत घेतलं. हीच बीचम कंपनी पुढे विलीन होत होत २००० मध्ये ग्लॅक्सो स्मिथक्लाइन झाली.

दुसरं, ग्राइप वॉटर. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये बनवलेल्या मूळ बाटलीत बाळंतशेपाचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि थोडी दारू होती. आज भारतात मिळणाऱ्या बाटलीत दारू नसते. तरी पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ग्राइप वॉटरलाही लागू आहे, आजी काहीही म्हणोत.

अमृतांजनही याच काळातलं: १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालं, संस्थापक नागेश्वर राव. ते दुखऱ्या कपाळाला चोळायचं मलम आहे, आणि तेवढंच करतं. त्याला या भोंदूंच्या रांगेत बसवू नका.

चोरबाजारात अशी जुनी बाटली मिळाली तर?

रिकामी असेल तर बिनधास्त घ्या. काचेवर उठवलेली अक्षरं बोटाने चाचपून पाहा. गडद निळी किंवा हिरवी, उभ्या खाचा असलेली बाटली बहुधा विषारी द्रव्याची असते. अंधारात हाताला कळावं म्हणून तशा खाचा ठेवत. आत काही शिल्लक असेल, तर बूच काढून वास घेऊ नका आणि मोरीतही ओतू नका, त्यात पारा किंवा आर्सेनिक असू शकतं. बंद बाटली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि जवळच्या फार्मसी कॉलेजात विचारा. कराची पट्टी शाबूत असेल तर ती भिजवून काढू नका, संग्राहक बाटलीपेक्षा त्या पट्टीचे पैसे जास्त देतात.